पोलक्यात दडवलेलं मंगळसूत्र

सारिकानं एरंडोलात केलेला लघुपट अकरा मिनिटांचा होता. त्यात तीन माणसं आणि एक शेळी. त्यावरून पूर्ण लांबीचा चित्रपट करायला हॉलिवूडचा स्टुडिओ तयार होता, पण कलाकारांच्या संमतीच्या सह्या आजच हव्या होत्या. दोन सह्या झाल्या. अडल्या त्या कुंदाकाकू. मंगळसूत्र पोलक्यात दडवून त्यांनी विधवेची भूमिका केली होती आणि नवऱ्याला पत्ता लागू दिला नव्हता. "आधी यासले दाखाड," त्या म्हणाल्या. सारिकानं काकूंच्या नवऱ्यापुढे, तोतारामआबांपुढे, लॅपटॉप ठेवला. पडद्यावर काकूंनी कुंकू पुसून हंबरडा फोडला. आबा हलले नाहीत. लघुपट संपल्यावर आबांनी चष्मा काढला. "मी मरनू ते इतलं रडशी का?" "ते मरावर देखजा," काकू म्हणाल्या. "आते सही करू का?" आबांनी हसत पेन पुढे केलं. सहीला चौदा सेकंद लागले.