मिठाचा शेक

"गप बाय, आवाज नको करू. सकालपासना निजलाय." जाईबाईनं दारातच ओठांवर बोट ठेवलं. तिचा चेहरा नुसता उजळला होता. तीन दिवस नवरा तळमळत होता, आज कुठे त्याचा डोळा लागला होता. मग बायकोला आनंद होणार नाही तर काय!

नर्स संघमित्रा चपला काढून आत आली. शेवटच्या दुखण्यातल्या माणसांना घरी जाऊन बघणं हे तिचं काम. उलव्याच्या गावठाणातल्या या घरी आठवड्यातून दोनदा तिची फेरी असायची. जाईबाईच्या नवऱ्याचा, गोटीरामकाकांचा कॅन्सर हाडांत उतरला होता. काल जाईबाईनंच फोन करून सांगितलं होतं, की दुखणं वाढलंय, दंडावरची पट्टी पुरत नाही. ही पट्टी एकदा चिकटवली की तीन दिवस तिच्यातलं अफूच्या जातीचं औषध कातडीतून हळूहळू अंगात उतरत राहतं. आज संघमित्राच्या बॅगेत दुप्पट ताकदीची पट्टी होती. डॉक्टरांनी लिहून दिलेली ही पट्टी फार्मासिस्ट हेतलनं दोनदा तपासून हातात ठेवली होती आणि वर दमही भरला होता, "आधी श्वास मोजायचा, मगच पाकीट फाडायचं. समजलं?"

हेतलची ही कटकट सगळ्या नर्सना पाठ होती. संघमित्रानं काकांच्या छातीवर हात ठेवून घड्याळ लावलं. एक, दोन... वरून विमान गेलं, खिडक्या थरथरल्या, आकडा चुकला. पुन्हा पहिल्यापासून. मिनिट संपलं तेव्हा मोजणी सहावर होती.

निदान बारा तरी हवे होते. तिनं पापणी उचलून पाहिली. बाहुली मोहरीएवढी, औषध जास्त झाल्याची खूण. "काका! ओ काका!" तिनं खांदा गदागदा हलवला. घशातून नुसती घरघर आली. कसली झोप आणि कसलं काय!

"कनाला उठवतंस त्याला?" जाईबाई चिडली.

संघमित्रानं हेतलला फोन लावून स्पीकर चालू केला. "श्वास सहा आहेत गं. उठत नाहीयेत. नवी पट्टी मी अजून काढलीसुद्धा नाही."

"अंगावर दोन पट्ट्या नाहीत ना?"

"एकच असणार."

"असणार नको, बघ. ताप आहे का? आणि ऊब? गोधडी, गरम पिशवी, शेक?"

संघमित्रानं गोधडी ओढली. डाव्या दंडावर, बरोबर पट्टीच्या वर, जुन्या लुगड्याच्या चिंधीनं पुरचुंडी बांधलेली. हात लावला तर चटका बसला.

"मीठ हाय त्यात, जाडा मीठ. तव्यावर भाजून बांधलाय," जाईबाई म्हणाली. "आमच्याकडं कंबर धरो नायतर गुडघा, मिठाचाच शेक देतात. म्हटला, दवा हलूहलू जाते, जरा ऊब दिली का लवकर आत जाईल. चार येला बदललाय सकालपासना."

"गेलं ना मग सगळं आत!" फोनमधून हेतल ओरडली. "काढ ते आधी! पट्टीपण काढ, नुसत्या पाण्यानं पूस. मी डॉक्टरांना लाईनवर घेते."

डॉक्टर मोजकंच बोलले. उतारा देणारं इंजेक्शन भर. थोडं थोडंच दे, घाई करू नकोस. एकदम दिलंस तर सगळं दुखणं एकदम अंगावर येईल.

जाईबाई भिंतीला टेकली. संघमित्रानं सुई चुकू दिली नाही. काका फार दिवसांचे सोबती नाहीत, हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण माणूस जायचा तर त्याच्या रोगानं जावा. आपल्या औषधानं, या बाईच्या हातून नको. अजिबात नको.

थोडं औषध देऊन ती थांबली. सहा. आणखी थोडं. सात. तिसऱ्यांदा दिल्यावर नऊ मोजले आणि काकांनी डोळे उघडले.

"कनाला उठवलास गो?" ते बायकोकडे बघत म्हणाले. "किती दिसांनी निजलू व्हतू." आणि लगेच कण्हायला लागले.

डॉक्टरांनी गोळी किती द्यायची ते सांगितलं, तासभर जागेवरून हलू नकोस म्हणाले. नवी पट्टी पाकिटासकट परत बॅगेत गेली. "उद्या मीच येऊन लावीन," संघमित्रा म्हणाली. "आणि मावशी, पट्टीजवळ शेक द्यायचा नाही. कधीच नाही."

"म्हंजे शेकला का दवा जादा उतरते."

"हो."

"आनी मंग त्याला दुखत नाय."

"दुखत नाही. पण श्वास थांबतो, मावशी."

जाईबाईची नजर काढून ठेवलेल्या पुरचुंडीकडे गेली. संघमित्राला वाटलं, आपण हे काय शिकवून बसलो! पण न सांगून तरी कसं चाललं असतं? खाटेवर काका कण्हत होते. गोळीला अजून वेळ लागणार होता.

जाईबाई उठून स्वयंपाकघरात गेली. मिठाचा अख्खा डबा आणून तिनं संघमित्राच्या मांडीवर ठेवला.

"ने हा. शेजारी पन सांगून जा, मना कोन मीठ देऊ नका." तिनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं. "तो वरडाय लागला का माझा माझ्या हातांवर भरोसा नाय, बाय."