रविवारी सुरू होणारी जीप

“या जीपमध्ये पोरीला बसवू नको माय,” शेजारच्या धुरपदाबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या. “काल वळणावर माझ्या अंगावरच आली असती. ब्रेक लागत नाही तिला.”

रंजिता हसली आणि डाळ निवडत राहिली. धुरपदाबाईंना कॉलनीतल्या प्रत्येक गोष्टीत धोका दिसायचा. कुत्र्यात, गॅसच्या नळीत, दुपारच्या ताकात.

खरं तर घाबरण्यात रंजिताही कमी नव्हती. सहा वर्षांच्या भूमिकाच्या बाटलीचं झाकणसुद्धा ती पुन्हा पुन्हा बघायची. पण जीप सासरे चालवत होते. मधुकररावांनी उभं आयुष्य तिच्यातून केळी वाहिली होती, जसोंडीच्या मळ्यातून बुऱ्हाणपूरच्या मंडीत, आणि गाडीला कधी साधं खरचटलंही नव्हतं. अजूनही ते आत बसताना चपला काढून सीटखाली ठेवायचे. “जिने खाऊ घातलं तिला चपलेने दाबायचं का?” म्हणायचे. भूमिकाला शाळेत सोडणं हे आता त्यांचं एकमेव काम होतं, आणि त्यासाठी ते इस्त्रीचा सदरा घालायचे.

मग जीप कुरकुरायला लागली. गिअर बदलताना कर्र असा आवाज. कधी शाळेच्या फाटकापाशी जळका वास.

“आजोबांची जीप दात खाते,” भूमिकाने आईला सांगितलं.

रंजिताने लगेच जीप शनवारा गेटजवळच्या गॅरेजमध्ये पाठवली. रितेश मेकॅनिकने ब्रेक उघडून पाहिले, ऑइल पाहिलं, क्लच प्लेट नवी टाकली आणि स्वतः चक्कर मारून आला.

“भाभी, एकदम मक्खन. ब्रेक तर जागेवर लागतात.”

“आणि आवाज?”

“माझ्या हातात गप्प होती बुवा.”

दुसऱ्या दिवशी मधुकररावांच्या हातात ती पुन्हा दात खायला लागली. त्यानंतर तर सकाळी चालूच होईना. चावी फिरवली की नुसतं टक्. मधुकरराव शांतपणे खाली उतरायचे. “आज ऑटोने पाठव पोरीला.” चिडायचे नाहीत, बॉनेटवर एक थाप मारायचे आणि पेपर घेऊन ओट्यावर बसायचे.

रितेश घरी येऊन गेला. त्याने बॅटरीची तार पान्याने कसली आणि जीप धडधडत सुरू झाली. “ढिली होती. पुरानी गाडी आहे, चालायचंच.”

रविवारी रंजिताचा नवरा चंदन जीप घेऊन डोईफोडियाला लग्नाला गेला. पहिल्याच चावीत सुरू. रस्ताभर खड्डे, पण जाताना-येताना आवाज नाही, वास नाही. सोमवारी भूमिका दप्तर घेऊन पुढच्या सीटवर बसली, आजोबांनी चावी फिरवली, आणि टक्.

रंजिताने रितेशला फोन लावला.

“भाभी, बुरा मत मानना,” तो म्हणाला. “मी कसलेली तार अपने आप ढिली होत नाही. कोणीतरी पाना लावतंय.”

तिच्या डोळ्यासमोर चंदनच आला. जीप विकायची म्हणून तो कधीचा मागे लागला होता. रावेरचं एक गिऱ्हाईकही त्याने आणलं होतं. मधुकररावांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं होतं.

रात्री जेवताना तिने विचारलंच. “तुम्हाला ती जीप दारात नकोच आहे ना?”

“मला नको, पण बाबांना सांगणार कोण? तू सांगतेस?”

“म्हणून तिची तार ढिली करून ठेवायची?”

चंदनचा घास हातातच राहिला. “मी? अगं, सकाळी नेपानगरची बस पकडताना मला बूट सापडत नाहीत, पाना कुठून सापडेल?”

“तार ढिली करायला वेळ कितीसा लागतो?”

“मग नवऱ्यावर पाळत ठेव आता.”

“ठेवणारच आहे.”

तो हसला. तिला हसू आलं नाही. ज्या गाडीत आपली मुलगी बसते, ती घरातलंच कुणीतरी मुद्दाम बिघडवतंय. आज तार, उद्या ब्रेक.

सकाळी उजाडताच ती चहाचा ग्लास घेऊन मागच्या दाराने अंगणात गेली. न्हाणीघरातून चंदनच्या बादलीचा आवाज येत होता. जीपचं बॉनेट उघडं होतं. आत वाकून मधुकरराव पाना फिरवत होते.

“बाबा?”

ते दचकून वळले. त्यांचं कोपर तिच्या हाताला लागलं आणि ग्लास फरशीवर फुटला.

“तुम्ही करता हे?”

मधुकररावांनी पाना पाठीमागे धरला. भूमिका चोरलेला गूळ धरायची तसा.

“न्यायचं नव्हतं तर सरळ सांगायचं ना, बाबा! मी काय जबरदस्ती केली असती? मी इथे चंदनवर शक घेत बसले!”

“न्यायचं कसं नाही?” ते म्हणाले. “माझ्याइतकं कोणाला न्यायचं असेल तिला?”

“मग हे कशाला?”

त्यांनी बॉनेट लावलं, त्यावर नेहमीसारखी थाप मारली आणि घराकडे चालू लागले. अनवाणी, काचांवरून, रोजच्याच चालीने. फरशीवर त्यांच्यामागे लाल ठसे उमटत गेले.

“बाबा, थांबा! पायात काच गेलीय!”

मधुकरराव थांबले. त्यांनी खाली बघितलं.

“कोणत्या?”

तुमच्या घरी गाडी कोण चालवतं? आज त्यांना डोळे मिटायला सांगा, तळपायाला बोट लावा, आणि विचारा, कळतंय का.