देवळाभोवतीच्या साठ फेऱ्या

डॉक्टर रश्मींनी जान्हवीच्या उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली अंगठा दाबला, तशी ती हसली. दुखलं की हसायची ही तिची लहानपणापासूनची खोड. बाप असूनही सहदेव महिनाभर त्या हसण्याला फसला होता.

पोलीस भरतीची मैदानी चाचणी आठ दिवसांवर आली होती. आठशे मीटर धावायचं. जान्हवीची ही शेवटचीच संधी, पुढच्या भरतीला तिचं वय बसणार नव्हतं. म्हणून सहदेवनेच कंबर कसली. भांडुपच्या त्यांच्या चाळीच्या पटांगणात रोज सकाळी शिट्टी तोंडात धरून तो तिला पळवायचा. आधी वीस फेऱ्या, मग चाळीस, पंधरा दिवसांत साठ. शेजारीपाजारी कौतुक करायचे आणि सहदेवची छाती फुगायची.

कुठे पळते, असं डॉक्टरांनी विचारलं. सिमेंटवर, सहदेवने सांगितलं. बूट मागच्या भरतीचेच, पण तळवे शिवून घेतलेले. दुखायला लागल्यावर काय केलं? गरम तेलाने जोर लावून रगडलं आणि परत पळवलं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हेही त्याने वर ऐकवलं.

"फेऱ्या एकाच बाजूने मारते का ही?"

"मग? मधोमध गणपतीचं देऊळ आहे. देवाला उलटी प्रदक्षिणा कशी घालायची?"

डॉक्टर त्याला हसल्या नाहीत, ते एक बरं झालं. एवढ्याशा पटांगणात प्रत्येक वळणाला ताण त्याच गुडघ्यावर येत गेला, असं त्यांनी समजावलं. त्यात कडक जमीन, झिजलेले बूट आणि एकदम वाढवलेल्या फेऱ्या. सुजेवर रगडणं तर अजिबात नको होतं. आता बर्फ लावायचा, विश्रांती घ्यायची, सूज उतरली की मांडीचे व्यायाम. मग मऊ मातीवर थोडं थोडं पळायचं. दोन महिन्यांत पोरगी ठणठणीत होईल, म्हणाल्या.

सहदेवने आठ दिवसांचं विचारून पाहिलं. त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

बर्फाची पिशवी गुडघ्यावर ठेवून त्या पडद्यापलीकडे दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. पिशवी घसरू नये म्हणून सहदेवने ती धरून ठेवली. त्याला वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. पोरीचं हे नुकसान परक्या कुणी केलं असतं, तर त्याने त्याच्या दारात जाऊन भांडण काढलं असतं.

"एवढं दुखतंय ते सांगायचंस ना गो मला," तो म्हणाला.

"सांगितलं होतं, बाबा." जान्हवीच्या आवाजात राग नव्हता. "एका बाजूला ओढतंय, असं मी म्हणाले होते. उलट्या फेऱ्या मारू का, असंही विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, पळ तू, देव बघतोय."

सहदेवला ती सकाळ आठवली. तेव्हा तो हातातल्या घड्याळाकडे बघत होता. बर्फाने बोटं बधिर झाली, तरी त्याने हात काढला नाही.

"देव बघतच होता गो," तो म्हणाला. "मी नाही बघितलं."