शेवई जेवते

प्रल्हादकाकांनी तिसऱ्यांदा "बघू" म्हटलं, तेव्हा राधिकाने मनातल्या मनात सौदा मोडून टाकला. तिचा जन्म इथलाच, मिशिगनचा, मराठी घरापुरतं. पण "बघू"चा अर्थ तिला पक्का ठाऊक होता. लहानपणी आईने ज्या ज्या गोष्टीला "बघू" म्हटलं, ती गोष्ट कधी घरात आली नव्हती.

दोघं तिच्या ॲन आर्बरच्या अपार्टमेंटमधल्या मागच्या खोलीत उभी होती. भिंतीला लागून काचेच्या पेट्या आणि पेट्यांत कॉर्न स्नेक. केशरी, लाल, करडे. बिनविषारी आणि खाऊनपिऊन सुखी. यंदा घरच्या अंड्यांतून निघालेली पिल्लं एकेक करून चांगल्या घरी गेली. मागे राहिली शेवई. नाव राधिकाच्या आईने ठेवलेलं आणि शोभलंही, कारण ही बया जन्मल्यापासून जेवणाच्या बाबतीत नन्नाचा पाढा लावून शेवईएवढीच बारीक राहिली होती. आत्ता आत्ता कुठे तोंड उघडायला लागली होती. घाईच्या माणसाच्या हाती पडली तर जगायची नाही, म्हणून राधिकाने याआधीची दोन गिऱ्हाइकं दारातूनच वाटेला लावली होती.

आणि आता हे काका. रिटायर्ड इंजिनिअर, गळ्यात मफलर, बोलण्यात अदब. लायब्ररीत कुणीतरी साप दाखवायला आणले होते, त्यातला एक हातावर घेतला आणि फार बरं वाटलं, एवढंच त्यांचं कारण. शोभनाकाकूंना दमा, त्यामुळे कुत्रं-मांजर आधीच बाद. काकू स्वतः खाली गाडीत बसल्या होत्या, काचा वर करून. साप वरच्या मजल्यावर होते हे खरं, पण सावध असलेलं बरं.

शेवईच्या खाण्याचा, म्हणजे उंदरांचा विषय निघाला तसा काकांचा चेहरा पडला. आमच्याकडे अंडंसुद्धा शिजत नाही, म्हणाले. पनीर चालेल का, तेही विचारून पाहिलं. गोठवलेल्या उंदरांची पिशवी घरच्या फ्रीझरमध्येच ठेवावी लागेल असं कळल्यावर त्यांनी खिडकीतून गाडीकडे एक नजर टाकली आणि पुन्हा म्हणाले, "बघू."

"काका, आय ॲम सॉरी," राधिका म्हणाली, "पण ही खूप पिकी आहे. तुम्ही शुअर नसाल तर मी नाही देऊ शकत."

काकांनी मान डोलावली. तुझं बरोबर आहे, म्हणाले, आणि निघालेच असते. पण शेवईच्या जेवणाची वेळ झाली होती. राधिकाला वाटलं, एकदा डोळ्यांनी बघू दे यांना, म्हणजे त्यांनाच पटेल, आणि आपल्यालाही वाईट वाटायला नको. बर्फ उतरावा म्हणून कोमट पाण्यात ठेवलेलं काजूएवढं उंदराचं पिल्लू तिने काढलं, चिमट्यात धरलं आणि चिमटा सरळ काकांच्या हातात दिला.

काका पेटीसमोर जमिनीवर मांडी घालून बसले. आधी दोन्ही डोळे मिटले, मग एक उघडला. शेवई सरपटत आली, जीभ लवलवली, आणि तोंड फिरवून कोपऱ्यात जाऊन बसली. हिचं हे नेहमीचंच होतं. राधिका म्हणाली, तुम्ही उठा, मी बघते, फार वेळ लावते ती.

काका उठले नाहीत.

"पानावर बसलीय ती," ते हळू आवाजात म्हणाले. "तिचं होईपर्यंत कसं उठायचं?"

राधिकाला एकदम एक लग्न आठवलं. पुण्यात ती पंगतीतून मध्येच उठली होती आणि मावशीने हाताला धरून तिला पुन्हा खाली बसवलं होतं. शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कुणी हलायचं नाही. इथे शेवटचं माणूस म्हणजे शेवई. राधिकाही मग गुपचूप काकांच्या शेजारी बसली.

वेळ गेला. काकांच्या खिशातला फोन वाजला, वाजून थांबला, पुन्हा वाजला. चिमटा जागचा हलला नाही. भलेभले सापवाले इथे वैतागतात आणि खाणं तोंडाशी हलवून हलवून पिल्लाला आणखीच घाबरवतात. काकांना यातलं काही माहीत नव्हतं. ते फक्त जेवणाऱ्याजवळ बसले होते.

शेवई परत आली. थबकली. मग तिने इवलंसं तोंड उघडलं, आणि बाळाला भरवताना आईचा होतो तसा काकांच्याही तोंडाचा आ झाला.

राधिकाला इतका आनंद झाला, की टाळी वाजवायला निघालेले हात तिने कसेबसे आवरले.

"शनिवारी न्यायला या," ती कुजबुजली. "जेवल्यावर दोन दिवस तिला हलवायचं नसतं."

"पण मी अजून हो कुठे म्हटलं?"

"मी म्हटलं ना."

काकांना हसू काही लपवता येईना.

तेवढ्यात दारात शोभनाकाकू दिसल्या. फोन उचलत नाहीत म्हणून काळजीने वर आल्या होत्या. एक पाय खोलीत, एक बाहेर, चौकट घट्ट धरलेली. नवरा जमिनीवर बसलेला, आणि काचेपलीकडे ते शेंदरी काहीतरी शेवटचा घास गिळतंय, हे त्यांनी पाहिलं. त्या ओरडल्या नाहीत. बाहेरचा पायही नकळत आत आला.

"एवढ्याने काय होतंय तिला," काकू म्हणाल्या. "अजून एक वाढ की गं."