आईच्या वासाची उशी

पाळणाघरातल्या प्रत्येक उशीला त्या त्या मुलाच्या आईचा वास होता. तरीही ओजस आपली उशी भिरकावून दाराशी रडत बसायचा.

"वास टिपणारं मशीन बिघडलंय का हो?" ओजसच्या आईने, ऊर्मिलाने विचारलं.

"बाकीची मुलं तर गाढ झोपतात," पाळणाघर सांभाळणाऱ्या नलूमावशी म्हणाल्या.

ऊर्मिलाने उशी नाकाला लावली आणि ती ओशाळली. फोटो काढायला जावं तशी ती मशीनसमोर गेली होती. उटणं लावून न्हायलेली, केसांत मोगऱ्याचा गजरा, अंगावर कपाटातली पैठणी. ही बाई ओजसच्या ओळखीचीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी वरणाला हिंगाची फोडणी दिली, गॅस बंद केला आणि गाउनवर ओढणी घेऊन ती तशीच पाळणाघरातल्या मशीनसमोर जाऊन उभी राहिली.

संध्याकाळी न्यायला आली, तर ओजस दाराशी नव्हता. आत एक नवी मुलगी हुंदके देत होती. तिची उशी अजून तयार व्हायची होती. ओजसने आपली उशी तिच्या मांडीवर ठेवली.

"ही माझी आई आहे," तो तिला समजावत होता. "तुझी येईपर्यंत घे."