अठराव्या कलमाचा शिक्का

निवृत्त सिस्टर कर खात्याच्या इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या जुन्या फायलींच्या खोलीत आल्या आणि कोणी बसा म्हणायच्या आधीच बसल्या.

"सक्षम अधिकारी कुठे बसतात ते एकदाचं सांगा," त्या म्हणाल्या. "खालपासून सगळे वर पाठवतायत. आता याच्या वर फक्त पाण्याची टाकी आहे."

खोलीतल्या एकुलत्या एक साहेबांनी त्यांच्या हातातला फॉर्म घेतला. सिस्टरांनी तीस वर्षं परदेशातल्या इस्पितळात काढली होती. पेन्शन तिकडून येई, पण चौथा हिस्सा तिकडच्या करात कापूनच. आणि इथे पुन्हा सगळ्या रकमेवर कर. बाई इथे राहतात आणि कर इथेच भरतात, एवढं सक्षम अधिकाऱ्याने लिहून दिलं की तिकडची कपात थांबणार होती. फॉर्म आज कुरिअरने गेला नाही तर हेही वर्ष हुकणार होतं. खालच्या तिन्ही मजल्यांवर असा अधिकारी कोणाला माहीत नव्हता. शिपाई म्हणाला होता, सक्षम म्हणाल तर या इमारतीत मी एकटाच.

फॉर्मवर दोन देशांमधल्या कर-कराराचं कलम छापलेलं होतं. अठरा. साहेबांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं.

करार ठरला तेव्हा टेबलापलीकडे चौदा माणसं होती आणि अलीकडे तीन. तिघांत हे साहेब सगळ्यांत धाकटे. पेन्शनवर कर फक्त राहत्या देशाने घ्यावा, यावर ते दोन दिवस अडून बसले. ते मिळालं, पण बदल्यात तिकडच्या कंपन्या इथून नेत त्या रॉयल्टीवरचा कर कमी करावा लागला. म्हैस देऊन दावं घेऊन आला, अशी खात्यात थट्टा झाली. पुढच्या अकरा वर्षांत त्या कलमाखाली एकही अर्ज आला नाही. थट्टा करणाऱ्यांचंच बरोबर असावं, असं अलीकडे त्यांनाही वाटू लागलं होतं.

त्यांनी कपाटातून एक आदेश काढला. सक्षम अधिकारी कोण, असं पलीकडच्यांनी विचारल्यावर घाईत ह्यांचंच पद लिहून दिलेलं होतं. पुढे ते पद त्यांच्यासकट या खोलीत आलं. आदेश बदलायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही.

"मीच तो," ते अपराध कबूल केल्यासारखे म्हणाले.

शिक्का खालच्या खणात होता, अजून दुकानाच्याच कागदात गुंडाळलेला. पॅड मात्र खडखडीत वाळलेलं. कोऱ्या कागदावर जेमतेम अर्धं वर्तुळ उमटलं. साहेबांचा चेहरा उतरला. सिस्टरांनी पर्समधून स्पिरिटची बाटली काढली, पॅडवर चार थेंब सोडले आणि जखमेवर कापूस दाबावा तसे बोटाने मुरवले.

दुसऱ्या खेपेला फॉर्मवर शिक्का स्वच्छ उमटला.

"सुटले बाई," सिस्टर म्हणाल्या. फॉर्मवर फुंकर घालून त्यांनी तो पाकिटात सरकवला. दारापाशी जाऊन त्या थांबल्या. "माझ्याबरोबरच्या आणखी सात जणी आहेत हो. सगळ्या दोन्हीकडे भरतात बिचाऱ्या. पाठवू का?"

"पाठवा," साहेब म्हणाले. "टाकीच्या खालचा मजला म्हणून सांगा."

त्या गेल्यावर त्यांनी खण उघडला. मग शिक्का टेबलावरच राहू दिला आणि दुकानाचा तो कागद टोपलीत टाकला.