तिसरी रेघ

"हा घ्या तुमचा सांधा!" अविराजने टेम्पोचा फाळका धाडकन खाली सोडला.

आत गोणपाटावर रेसच्या गाडीचा इंजिन ब्लॉक पडला होता. दहा दिवसांपूर्वी तो कळंबच्या याच शेडमधून सांधून गेला होता. रावजीमिस्त्रींनी तो लांबूनच ओळखला. आपण जोडलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ते कधी विसरत नसत.

"पाचव्या फेरीला तेलात पाणी आलं. तेलाचा चहा झाला सगळा. तिसरा होतो मी, तिसरा! वर्षभर राबलो त्या रेससाठी. शेवटी चौघांनी गाडी ढकलत बाहेर काढली. लोक शिट्ट्या मारत होते."

"माझा सांधा जात न्हाय," रावजी म्हणाले. "तुमीच गाडी तापवली असंल. कुठलं गाव म्हनला तुमचं?"

"काटेवाडी."

"काटेवाडीचं हाय, अन् काटा बघाया येत न्हाय व्हय? लालवर गेला तरी दाबत बसला असाल."

अविराजचा चेहरा तापला. "मिस्त्री, तोंड सांभाळा. बारामतीत सगळ्यांना सांगेन, कळंबच्या म्हाताऱ्याचे हात गेले म्हणून."

चाळीस वर्षांत असं रावजींना कुणी बोललं नव्हतं. त्यांनी दोन माणसांच्या मदतीने ब्लॉक उतरवून ओट्यावर ठेवला.

"ऐका. माझ्या सांध्यात तडा निघाला, तर आजपासनं सांधायच्या गॅसबत्तीला हात लावणार न्हाय. पन न्हाय निघाला, तर तुमच्या गावच्या चौकात उभं राहून माफी मागायची. कुठलं गाव तुमचं?"

"आत्ताच सांगितलं ना! टिंगल करता माझी?"

"आबांना कमी ऐकू येतं," अनिता घाईने म्हणाली. ती रावजींची सून. सात वर्षं भट्टीवर त्यांच्या हाताखाली काम करत होती.

रावजींनी हातोडीने ब्लॉकवर हलकेच टिचकी मारली. धड बीड घंटेसारखं वाजतं. हेही वाजलं. फक्त शेवटाला आवाज किंचित बसला. तो बसका आवाज तिथे एकट्या रावजींनाच ऐकू आला. त्यांनी जबडा आवळला.

मग त्यांनी सांध्यावर रॉकेल चोळलं, कोरड्या फडक्याने पुसून घेतलं, आणि डाव्या हाताने त्यावर खडू घासला. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल वर येतं आणि खडूवर ओली रेघ उमटते. सगळे वाकून बघत राहिले.

पांढऱ्यावर केसाएवढी काळी रेघ उमटली. सांध्याच्या कडेकडेने ती वीतभर धावत गेली.

"आता?" अविराज म्हणाला.

रावजी ताडकन अनिताकडे वळले. "ह्यो तडा जोडताना पडत न्हाय. राखंतनं लवकर काढला की पडतो! कुनी काढला?"

सांधलेलं तापलेलं बीड ते चिपाडाच्या राखेत पुरून ठेवत. राखेत ते हळूहळू निवायचं. घाई केली की सांध्याजवळ तडकायचं. रोज संध्याकाळी रावजी भिंतीवर खडूने एक रेघ मारत. तीन रेघा झाल्या की दुसऱ्या सकाळी राख उकरायची. भिंत तीन-तीन रेघांनी भरली होती. शेवटच्या जुडग्यातही तीनच होत्या.

"बगा, तीन हायत! मग तडकला कसा?"

अनिता भिंतीकडे बघत नव्हती. "मी काढला, आबा. पाव्हन्यांची घाई व्हती. तिसरी रेघ मीच मारली."

"भितीवर लबाडी?" रावजींचा आवाज पत्र्यावर आदळला. "चाळीस वर्सं त्या भितीवर खोटी रेघ न्हाय! माझं नाव मातीत घालाया शिकवलं व्हय तुला? नीघ. परत भट्टीम्होरं दिसायचं न्हाय!"

अनिता मान खाली घालून उभी राहिली. तिने पदराला हात पुसले आणि बत्तीची किल्ली ओट्यावर ठेवली.

"एक मिनिट," अविराज म्हणाला. त्याचा राग गेला नव्हता, पण आता तो नेमका कुणावर काढायचा ते त्याला कळेना. "या बाई कुठे होत्या त्या दिवशी? रविवारी रात्री तुम्ही ब्लॉक राखेत घातला, तेव्हा मी इथेच उभा होतो. बुधवारी सकाळी तुम्हीच फोन करून बोलावलंत. तुम्हीच राख उकरलीत. ब्लॉक ऊन होता, म्हणून मी गोणपाट मागितलं. या बारामतीला सामान आणायला गेल्या होत्या. चहासुद्धा तुम्हीच केलात. दोनदा."

अनिताने डोळे मिटून घेतले.

रावजींनी अंगठा बोटाच्या पेरांवर टेकवला. सोमवारची संध्याकाळ. मंगळवारची संध्याकाळ. अंगठा तिथेच थांबला.

ते भिंतीजवळ गेले. शेवटच्या तीन रेघांवर त्यांनी एकेक करून बोट ठेवलं. तिन्ही डावीकडे झुकलेल्या होत्या. अनिता उजव्या हाताची होती.

रावजींनी ओट्यावरची किल्ली उचलून अनिताच्या हातात दिली. मग मुठीतला खडूही दिला. तिच्याकडे न बघता त्यांनी हळूच विचारलं,

"आज वार कुठला हाय, पोरी?"